गिटारच्या मानेचे लाकूड: नाव पाहावे की फळी?

इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालेल्या माणसाला पहिला धक्का किमतीचा बसतो आणि दुसरा लाकडांच्या नावांचा. ‘रोस्टेड मेपल नेक, रोजवुड फिंगरबोर्ड’, ‘महोगनी नेक, एबनी फिंगरबोर्ड’, ‘पाच पदरी मेपल-वेंगे नेक, रिचलाइट फिंगरबोर्ड’ अशा ओळी माहितीपत्रकात असतात आणि त्यांच्या आसपास ‘उबदार’, ‘खणखणीत’, ‘गोलाई असलेला’ अशी आवाजाची विशेषणे सढळ हाताने पेरलेली असतात. त्यात २०१७ मध्ये रोजवुडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, कंपन्यांनी घाईघाईने दुसरी लाकडे शोधली, पुढे दोन-तीन वर्षांतच तयार वाद्यांना सूट मिळाली. परंतु जुन्या बातम्या अजूनही फिरत असल्यामुळे कोणते लाकूड चालते, कोणते चालत नाही आणि कशासाठी जास्त पैसे मोजावेत, याबद्दलचा गोंधळ कायम आहे.

या लेखातील भूमिका सुरुवातीलाच सांगून टाकतो. मानेचे लाकूड निवडताना ते वर्षानुवर्षे सरळ राहील का, हाताला कसे लागेल आणि पुढे दुरुस्त करता येईल का, हे प्रश्न आधी येतात आणि आवाजाचा प्रश्न त्यांच्या मागून येतो. शिवाय या सर्व बाबतींत लाकडाच्या जातीपेक्षा त्या जातीची नेमकी कोणती फळी वापरली आहे, यावर अधिक अवलंबून असते.

मानेला काय सोसावे लागते

गिटारचा लांबट, डाव्या हातात धरायचा भाग म्हणजे मान. वादक तिला नेक म्हणतात. तिच्या दर्शनी बाजूवर बहुधा वेगळ्या लाकडाची, साधारण पाच-सहा मिलिमीटर जाडीची पट्टी चिकटवलेली असते, तिला फिंगरबोर्ड म्हणतात. या पट्टीत आडव्या खाचा पाडून त्यांत धातूच्या ज्या बारीक पट्ट्या ठोकून बसवतात, त्या फ्रेट. मानेच्या टोकाचा, खुंट्या बसवलेला भाग म्हणजे हेडस्टॉक.

इलेक्ट्रिक गिटारवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या, ०.०१० ते ०.०४६ इंच जाडीच्या सहा तारा नेहमीच्या सुरात लावल्या की त्यांचा मिळून ताण ४५ किलोच्या पुढे जातो. हा ताण दिवसरात्र, गिटार पेटीत पडून असली तरीही, जेमतेम २० ते २४ मिलिमीटर जाडीच्या लाकडाला पुढच्या बाजूने ओढत असतो, आणि अशा सततच्या ओढीने लाकूड हळूहळू वाकते. म्हणून मानेच्या पोटातून एक पोलादी सळई घालतात. तिला ट्रस रॉड म्हणतात आणि तिच्या टोकाचा नट फिरवून तारांच्या ओढीला तोलणारा उलटा ताण देता येतो. गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांना अशा फिरवता येणाऱ्या सळईचे पेटंट १९२३ मध्ये मिळाले. लिओ फेंडर यांनी १९५० मध्ये आणलेल्या सुरुवातीच्या एस्क्वायर गिटारींमध्ये मात्र ही सळई नव्हती. टणक मेपल स्वतःच पुरेसे आहे, असा त्यामागचा हिशेब होता. तो फार काळ टिकला नाही आणि लवकरच फेंडरच्या मानांमध्येही सळई आली. त्या मानांच्या पाठीवर अक्रोडाच्या लाकडाची जी गडद उभी पट्टी दिसते, ती शोभेसाठी नसून सळई आत सरकवण्यासाठी पाडलेली खाच बुजवण्यासाठी आहे.

मान अगदी काटेकोर सरळ असावी असेही नाही. कंप पावणारी तार मध्यभागी सर्वांत जास्त हेलकावते, त्यामुळे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी पाव मिलिमीटरच्या आसपास बाक ठेवावा लागतो. लाकडाकडून अपेक्षा एवढीच, की हा बाक एकदा ठरवून दिला की त्याने तो आपल्या मनाने बदलू नये.

ताठपणा लाकडाचा आणि जाडीचा

टणक मेपल लवचिकतेच्या मापात महोगनीपेक्षा साधारण पाव हिश्शाने अधिक ताठ असते: मेपलचा आकडा सुमारे १२.६ गिगापास्कल, तर महोगनीचा सुमारे १०. शिसवी म्हणजे इंडियन रोजवुड या दोहोंच्या मध्ये बसते, आणि आबनूस (म्हणजे एबनी) व वेंगे हे गडद आफ्रिकी लाकूड १७ च्या आसपास जातात. हे आकडे पाहून महोगनीची मान कमकुवत असते, असा निष्कर्ष काढण्याची घाई होते.

येथे भूमितीचा एक साधा नियम आड येतो. दांडीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे जाडी दहा टक्के वाढवली तर ताठपणा तेहतीस टक्के वाढतो. २० मिलिमीटर जाडीच्या मेपलच्या मानेइतका ताठपणा महोगनीतून मिळवायचा, तर ती मान साधारण साडेएकवीस मिलिमीटर करावी लागते. दीड मिलिमीटरचा हा फरक हाताला कळतो, पण तो फार मोठा नाही. थोडक्यात, मान अतिशय बारीक हवी असेल, जशी जलद वाजवणाऱ्या अनेकांना हवी असते, तर लाकडाची निवड काटेकोर करावी लागते आणि मेपल, वेंगे किंवा अनेक पदर चिकटवून केलेली मान यांकडे वळावे लागते. भरीव, गुबगुबीत मान आवडत असेल, तर बहुतेक कोणतेही चांगले वाळलेले लाकूड ताण सहज पेलते. माहितीपत्रकात जाडी क्वचितच लिहिलेली असते आणि लाकडाचे नाव मात्र ठळक अक्षरांत असते, ही त्यातली गंमत.

खरा उपद्रव हवेतील ओलाव्याचा

ताणामुळे येणारा बाक सळईने सुधारता येतो. हवेतील ओलाव्यामुळे लाकूड जे फुगते, आकसते आणि पीळ घेते, त्यावर सळईचे फारसे चालत नाही, कारण ती एकाच दिशेतला बाक दुरुस्त करू शकते. दमट दिवसांत फुगून चौकटीत अडकणारे आणि कोरड्या दिवसांत पुन्हा सहज लागणारे दार सर्वांनीच पाहिले आहे. गिटारच्या मानेत तेच घडते, फक्त येथे मिलिमीटरच्या दहाव्या भागानेही वाजवणे अवघड होते.

लाकूड सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. ओल्या अवस्थेतून पूर्ण सुके होईपर्यंत टणक मेपल लांबीच्या दिशेने जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के आकसते, खोडाच्या मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे पाच टक्के, आणि वाढीच्या वलयांना धरून जाणाऱ्या दिशेने जवळजवळ दहा टक्के. फळी खोडातून कोणत्या कोनात कापली आहे, याला महत्त्व येते ते यामुळे. वलये फिंगरबोर्डला उभी राहतील अशी कापलेली मान रुंदीत कमी फुगते-आकसते; वलये आडवी येतील अशी कापली, तर त्याच रुंदीत जवळजवळ दुप्पट हालचाल होते.

आकड्यांत पाहायचे झाले, तर हवेतील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर येऊन बराच काळ तशीच राहिली, की लाकडातील ओलावा साधारण ११ टक्क्यांवरून ६ टक्क्यांच्या आसपास येतो. बाराव्या फ्रेटपाशी मान सुमारे ५२ मिलिमीटर रुंद असते. आडव्या वलयांच्या मेपलमध्ये एवढ्या बदलाने रुंदी पाऊण मिलिमीटरहून थोडी जास्त घटते, उभ्या वलयांच्या मेपलमध्ये त्याच्या निम्मी. फ्रेट धातूचे असल्यामुळे ते आकसत नाहीत. परिणामी मानेच्या कडेवरून तळहात फिरवला की फ्रेटची टोके बारीक करवतीच्या दात्यांसारखी बोचू लागतात. अनेकांना हा कारखान्यातील हलगर्जीपणा वाटतो आणि कधी कधी तो असतोही. पण बहुतेक वेळा गिटार दमट जागी तयार होऊन कोरड्या जागी आलेली असते.

येथे आबनुसाबद्दल सावध राहायला हवे. ते कठीण आहे, पण कठीण म्हणजे स्थिर नव्हे. आबनूस ओलाव्यासरशी बरेच फुगते-आकसते, आणि ते अर्धवट वाळलेले असताना वापरले, तर त्याला बारीक चिरा पडतात. शिसवी त्या मानाने सोशिक आहे. तिचे आकसणे मेपलच्या जवळजवळ निम्मे असते. महोगनीचेही तसेच, आणि तिच्यातील दोन दिशांच्या आकसण्यात फारसा फरक नसल्यामुळे तिची फळी पीळ घेण्याचे प्रमाणही कमी. एवढ्या मऊ लाकडावर गिटार बनवणाऱ्यांनी इतकी वर्षे विश्वास ठेवला, त्याचे हे मोठे कारण आहे.

उभ्या वलयांची फळी महाग पडते, कारण एका ओंडक्यातून ती कमी निघते. मात्र तिच्यावाचून चालतच नाही, असे समजू नये. फेंडरच्या घडणीच्या असंख्य माना आडव्या वलयांच्या मेपलच्या आहेत आणि त्यांतील पुष्कळ साठ-सत्तर वर्षांनंतरही सरळ आहेत. फळी नीट वाळलेली असेल आणि तिच्यातील रेषा मानेच्या लांबीला समांतर धावत असतील, तर कापण्याचा कोन दुय्यम ठरतो. उलट, नागमोडी चमक असलेले ‘फ्लेम’ मेपल दिसायला देखणे असते, पण ती चमक रेषा वळणावळणाने गेल्यामुळेच येते आणि अशी फळी साध्या फळीइतकी भरवशाची नसते. मानेसाठी मला स्वतःला कंटाळवाणे दिसणारे मेपल आवडते.

तीन किंवा पाच उभे पदर चिकटवून केलेली मान हा ओलाव्यावरचा जुना उतारा आहे. शेजारच्या पदरांच्या रेषा एकमेकींविरुद्ध ठेवल्या, की एकाची वाकण्याची ओढ दुसऱ्याच्या ओढीने रोखली जाते. ‘एकसंध लाकडाची मान’ हे शब्द जाहिरातीत भारदस्त वाटतात. परंतु स्थैर्याच्या कसोटीवर चांगली चिकटवलेली मान बहुधा सरस ठरते.

मेपल, महोगनी आणि हेडस्टॉकचा तुटका कोपरा

मानेसाठी प्रचलित लाकडे दोनच, मेपल आणि महोगनी. बाकीची तोंडी लावण्यापुरती. १९५० च्या दशकापासून फेंडरने मेपल धरले आणि १९५२ मध्ये आलेल्या लेस पॉल गिटारसाठी गिब्सनने महोगनी. या दोन परंपरांमागे आवाजाचे तत्त्वज्ञान शोधणारे खूप आहेत, पण उत्पादनाची पद्धत हे कारण अधिक पटण्याजोगे आहे. फेंडरला सपाट फळीतून कापता येईल, बॉडीला स्क्रूने जोडता येईल आणि बिघडली तर बदलता येईल अशी मान हवी होती. गिब्सनकडे कोरीव काम करणाऱ्यांची जुनी परंपरा होती आणि महोगनी कोरायला सोपी, वजनाला हलकी.

महोगनीच्या बाबतीत ग्राहकाने एक गोष्ट आवर्जून जाणून घ्यावी. गिब्सनच्या पारंपरिक घडणीत हेडस्टॉक मानेशी सतरा अंशांचा कोन करून मागे झुकलेला असतो आणि मान व हेडस्टॉक एकाच तुकड्यातून कापलेले असतात. त्यामुळे लाकडाच्या ज्या रेषा मानेत लांबलचक धावतात, त्या झुकलेल्या भागात आखूड होऊन पृष्ठभागावर येऊन संपतात. नेमक्या तेथेच सळईच्या नटासाठी खळगा कोरलेला असतो. गिटार पाठीवर पडली, की मान तेथे मोडते. मेपल अधिक चिवट असल्याने धक्का थोडा बरा सोसते, पण मूळ दोष लाकडापेक्षा रेषांच्या दिशेचा आहे. हेडस्टॉकचा तुकडा तिरपा कापून वेगळा जोडला, तर रेषा दोन्हीकडे लांब राहतात आणि तो जोड मूळ लाकडाहून पक्का होतो. स्वस्त गिटारवर असा जोड दिसला की लोक नाक मुरडतात, ते उगाच. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात गिब्सनने काही काळ तीन पदरी मेपलच्या माना वापरल्या, आणि संग्राहकांनी त्यांना फारसा भाव दिला नाही. मजबुतीची बाजारात नेहमीच कदर होते असे नाही.

फिंगरबोर्ड: कडकपणा, छिद्रे आणि घाम

फिंगरबोर्डचे काम वेगळे आहे. त्याने फ्रेट घट्ट धरून ठेवायचे, बोटांच्या आणि नखांच्या घर्षणाने झिजायचे नाही, आणि घाम पिऊन कुजायचे नाही. लाकडाचा कडकपणा जांका मापाने मोजतात, म्हणजे ठरावीक आकाराची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते पाहतात. या मापावर टणक मेपल सुमारे १४५०, पाऊ फेरो हे दक्षिण अमेरिकी लाकूड १९६०, शिसवी २४४० आणि आफ्रिकी आबनूस ३००० च्या पुढे आहे. महोगनी हजाराच्याही आत असल्याने फिंगरबोर्डसाठी ती कोणी घेत नाही.

मेपलची छिद्रे अतिशय बारीक आणि रंग फिकट असतो. उघडे ठेवले तर ते घामाने काळवंडते, म्हणून त्यावर लाकर किंवा तेलाचा थर द्यावा लागतो. जुन्या, भरपूर वाजलेल्या गिटारवर पहिल्या पाच-सात फ्रेटांमधील लाकर झिजून बोटांच्या आकाराचे करडे डाग पडलेले दिसतात, आणि कडेला लाकर अजून काचेसारखे चकाकत असते. फेंडरने १९५८ मध्ये जॅझमास्टर या गिटारवर शिसवीच्या जातीचा फिंगरबोर्ड आणला आणि पुढच्या वर्षी तो इतर गिटारींवरही आला. शिसवी मुळातच तेलकट असल्याने तिला लाकर लागत नाही. वर्षातून एक-दोनदा पुसून थोडे तेल लावले की पुरते. तिची छिद्रे मोठी, त्यामुळे स्पर्श किंचित खरबरीत. आबनूस मात्र घासून तुळतुळीत होते आणि बोट त्यावरून सरकल्याचे कळतही नाही. गिब्सनने १९५४ च्या लेस पॉल कस्टमवर ते वापरले, तेव्हापासून त्याला प्रतिष्ठेचे वलय आहे.

दुरुस्तीचा विचार सहसा कोणी करत नाही. फ्रेट झिजल्यावर उपटून नवे घालावे लागतात. आबनूस ठिसूळ असल्यामुळे फ्रेट उपटताना खाचेच्या कडेचे टवके उडतात; मेपलवर लाकराचा थर फुटतो आणि तो पुन्हा चढवण्याची मजुरी वेगळी. शिसवीवर हे काम सर्वांत सोपे जाते. माझ्या मते शिसवीच्या बाजूने देता येणारा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे, आवाजाचा नव्हे.

पण आवाजातला फरक तर ऐकू येतो!

हा आक्षेप सर्वांत जोराचा आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारेची हालचाल पिकअप नावाचा चुंबक आणि त्याभोवतीची तारेची गुंडाळी टिपते. लाकडाचा आवाज हवेतून ऐकायचा नसतो. तरीही लाकडाचा संबंध येतो, कारण तारेची दोन टोके लाकडात रोवलेली असतात. टोक ज्या प्रमाणात हलते, त्या प्रमाणात तारेची ऊर्जा निसटते आणि सूर लवकर विझतो.

याचा उघड पुरावा म्हणजे मुके सूर. मानेला स्वतःची कंपनसंख्या असते. वाजवलेला एखादा सूर तिच्याशी जुळला की मान त्या सुरासोबत थरथरते, तारेतली ऊर्जा शोषते आणि तो सूर शेजारच्या सुरांपेक्षा पटकन मरतो. बास गिटारवर सर्वांत बारीक तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास हा प्रकार इतका वारंवार आढळतो, की अनुभवी वादक त्या जागा टाळून वाजवतात. जर्मनीत हेल्मुट फ्लायशर यांनी १९९० च्या दशकात इलेक्ट्रिक गिटारच्या मानेची हालचाल जागोजागी मोजून हा संबंध दाखवला. हेडस्टॉकला एखादा लोखंडी शिकंजा लावून पाहा: मुका सूर दुसऱ्या जागी सरकतो. म्हणजे मानेचा परिणाम होतो, यात शंका नाही. तो होतो मानेच्या वजनामुळे आणि ताठपणामुळे. आणि या दोन्ही गोष्टी जाडी, हेडस्टॉकचा आकार, खुंट्या आणि ती विशिष्ट फळी यांवर ठरतात.

आता फिंगरबोर्डचे पाहू. साधारण ४७० मिलिमीटर लांब, ४९ मिलिमीटर सरासरी रुंद आणि ६ मिलिमीटर जाड पट्टी मेपलची असेल तर तिचे वजन सुमारे १०० ग्रॅम, शिसवीची असेल तर ११५ आणि आबनुसाची असेल तर १३० ग्रॅम भरते. मेपल आणि शिसवी यांच्यात पंधरा ग्रॅमचा फरक! एकाच जातीच्या दोन फळ्यांच्या वजनात दहा टक्क्यांचा फरक सहज असतो, म्हणजे जड मेपल आणि हलकी शिसवी जवळजवळ एकाच वजनाच्या निघू शकतात. खुंट्यांचा संच बदलला तर यापेक्षा जास्त फरक पडतो, आणि तोही मानेच्या अगदी टोकाला, जेथे तो सर्वाधिक जाणवतो. शिवाय दाबलेली तार लाकडावर टेकतच नाही. ती धातूच्या फ्रेटवर टेकते, आणि मोकळी तार वाजते तेव्हा तर ती फिंगरबोर्डपासून पूर्ण अलिप्त असते.

मग ‘मेपल खणखणीत आणि रोजवुड उबदार’ हा अनुभव इतक्यांना का येतो? मेपलचा फिंगरबोर्ड असलेली गिटार आणि रोजवुडचा फिंगरबोर्ड असलेली गिटार यांच्यात बहुतेक वेळा पिकअप, तारेची लांबी, मान जोडण्याची पद्धत आणि ब्रिज (तारा बॉडीवर ज्यावर टेकतात तो भाग) हे सगळेच वेगळे असते. फेंडरच्या घडणीत तारेची लांबी ६४८ मिलिमीटर, गिब्सनच्या घडणीत सुमारे ६२८. एवढे घटक एकदम बदलले तर श्रेय कोणाला द्यायचे? दुसरे कारण स्पर्शाचे आहे. लाकर चढवलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावर बोट वेगळ्या रीतीने सरकते, वादक वेगळ्या जोराने वाजवतो, आणि आवाज खरोखर बदलतो. तो बदल खोटा नाही. तो लाकडाच्या कंपनांतून न येता वादकाच्या हातातून येतो, इतकेच.

यातही एक अपवाद आहे, तो फ्रेट नसलेल्या बास गिटारचा. तेथे तार थेट लाकडावर दाबली जाते, त्यामुळे लाकडाचा कडकपणा सुरात उतरतो आणि खरखरीत तारा मऊ लाकडाला घासून चरे पाडतात. बासवादक जॅको पास्टोरियस यांनी आपल्या बासच्या फिंगरबोर्डवर बोटींसाठी वापरतात ते एपॉक्सी चढवले होते, ते याच झिजेवर उपाय म्हणून. फ्रेट नसलेले वाद्य घेणाऱ्याने आबनुसासारखे कडक लाकूड किंवा तसा लेप यासाठी जरूर जास्त पैसे मोजावेत.

रोजवुडवर बंदी आली होती ना?

धोक्यातील वनस्पती आणि प्राणी यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा ‘साइट्स’ नावाचा करार आहे. त्याच्या पहिल्या परिशिष्टातील प्रजातींचा व्यापार जवळजवळ बंद असतो आणि दुसऱ्या परिशिष्टातील प्रजातींचा परवान्याने चालतो. ब्राझिलियन रोजवुड १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे. मानांसाठी वापरली जाणारी मोठ्या पानांची महोगनी २००३ पासून दुसऱ्या परिशिष्टात आली. २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या परिषदेत रोजवुडचा संपूर्ण कुळगट, म्हणजे डाल्बर्जिया वंशातील उरलेल्या सगळ्या प्रजाती, दुसऱ्या परिशिष्टात घालण्याचे ठरले आणि २ जानेवारी २०१७ पासून ते लागू झाले. मूळ चिंता गिटारची नव्हतीच. फर्निचरसाठी चाललेली प्रचंड तोड थांबवायची होती. परंतु नियमाच्या जाळ्यात शंभर ग्रॅमच्या पट्टीमुळे रोजवुडची प्रत्येक गिटार सापडली आणि विक्रीसाठी देशाबाहेर पाठवायच्या अशा एकेका वाद्याला कागदपत्रे लागू लागली.

कंपन्यांनी मग पाऊ फेरोकडे आणि इंडियन लॉरेलकडे मोर्चा वळवला. हे लॉरेल म्हणजे ऐनाचे लाकूड. २०१९ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेने तयार वाद्ये, त्यांचे तयार भाग आणि साहित्य यांना सूट दिली आणि ती त्या वर्षीच्या २६ नोव्हेंबरपासून अमलात आली. ब्राझिलियन रोजवुडला मात्र ही सूट नाही, आणि कच्च्या फळ्यांना परवाना अजूनही लागतो. शिसवीची गिटार बाळगणे तेव्हाही गुन्हा नव्हता. प्रश्न फक्त सीमा ओलांडण्याचा होता.

कायद्याचा हात लाकडाच्या निवडीपर्यंत त्याआधीच पोहोचला होता. अमेरिकेत, बेकायदा मिळवलेल्या लाकडाचा व्यापार रोखणाऱ्या लेसी कायद्याखाली २००९ आणि २०११ मध्ये गिब्सनच्या कारखान्यांवर छापे पडले. मादागास्करच्या आबनुसाच्या आयातीवरून सुरू झालेले ते प्रकरण २०१२ मध्ये तीन लाख डॉलरचा दंड भरून मिटले. आबनुसाबाबत दुसरीकडे एक वेगळीच गोष्ट उघड झाली. टेलर गिटार्सने २०११ मध्ये एका भागीदारासह कॅमेरूनमधील आबनुसाची गिरणी घेतली, तेव्हा कंपनीच्या लक्षात आले की पूर्ण काळ्या लाकडाच्या हट्टापायी दहा झाडे तोडल्यावर एखादेच उपयोगी ठरते आणि तपकिरी रेषांचे बाकीचे लाकूड जंगलातच कुजते. रेषा असलेले आबनूस कामाला तितकेच पक्के असते. टेलरने ते वापरायला सुरुवात केली आणि ग्राहकही हळूहळू सरावले.

भाजलेले मेपल आणि कागदाचा फिंगरबोर्ड

रोस्टेड म्हणजे भाजलेले मेपल ऑक्सिजन अगदी कमी असलेल्या भट्टीत १६० ते २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात. ओलावा शोषून घेणारे लाकडातील घटक त्यात मोडतात, त्यामुळे नंतर ते हवेतील बदलांना कमी दाद देते. रंग मधासारखा किंवा कॉफीसारखा होतो आणि वजन थोडे घटते. ओलाव्याचा जो प्रश्न वर मांडला, त्यावरचे हे खरेखुरे उत्तर आहे. त्याची किंमत ठिसूळपणाच्या रूपाने मोजावी लागते: स्क्रूसाठी आधी नीट भोक पाडले नाही तर लाकूड फाटते. जास्त भाजलेली, काळपट मान अधिक चांगली, असा जो समज आहे तो चुकीचा आहे. गडद रंगासोबत ठिसूळपणाही वाढतो.

रिचलाइट म्हणजे रेझिनमध्ये भिजवून दाबलेले कागदाचे थर. छापे पडले त्या काळापासून गिब्सनच्या लेस पॉल कस्टमवर आबनुसाच्या जागी ते दिसू लागले आणि खरेदीदारांनी ‘एवढ्या पैशांत कागद?’ अशी ओरड केली. ही ओरड भावनेच्या दृष्टीने समजण्यासारखी आहे, कारण महाग वाद्य घेताना माणूस निव्वळ उपयोग विकत घेत नाही. उपयोगाच्या दृष्टीने मात्र रिचलाइट जवळजवळ फुगत नाही, त्याला चिरा पडत नाहीत आणि घाम त्याचे काही बिघडवत नाही.

मग दुकानात पाहायचे काय

हेडस्टॉककडून मानेवर नजर टाकावी आणि पहिला व शेवटचा फ्रेट एकमेकांना समांतर दिसतात का ते पाहावे. दिसत नसतील तर मानेला पीळ आहे आणि तो सळईने जात नाही. हेडस्टॉकच्या बाजूच्या कडेवर लाकडाच्या रेषा पाहाव्यात: त्या लांबीला धरून जात असतील तर उत्तम, तिरप्या होऊन पाठीकडे संपत असतील तर ती गिटार पडू देऊ नये. दोन्ही कडांवरून तळहात फिरवून फ्रेटची टोके बोचतात का ते तपासावे. किंचित बोचत असतील तर थोड्या मजुरीत काम होते, जागोजागी ओरखडत असतील तर लाकूड पुरेसे वाळलेले नव्हते असे समजावे. गळ्यात पट्टा अडकवून हात सोडून उभे राहावे. जड मानेची गिटार हेडस्टॉककडे झुकते, आणि तासाभराच्या वादनानंतर त्याचा त्रास खांद्याला होतो.

शेवटी पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरावा आणि मध्ये तारेखाली किती फट राहते ते पाहावे. फट अजिबात नसेल किंवा अर्ध्या मिलिमीटरहून जास्त असेल, तर दुकानदाराला सळईचा नट फिरवून दाखवायला सांगावे. नट दोन्हीकडे सहज फिरून बाक बदलत असेल, तर काळजीचे कारण नाही. तो आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल आणि तरीही बाक उरत असेल, तर त्या मानेवर आबनूस असो की ब्राझिलियन रोजवुड, ती गिटार परत भिंतीवर टांगून दुसरी मागावी.